ताई येईपर्यंत

आई गेली त्या सकाळी लादीमास्तरच्या कारखान्यात बर्फाची एकही लादी शिल्लक नव्हती.

उन्हाळा अगदी भरात होता. दूधवाला यायच्या आधीच पूर्वेकडची भिंत हाताला गरम लागायला लागली होती. लादीमास्तरच्या बायकोने पाणी पाजायला म्हणून सासूची मान उचलली, तर मान तशीच हातात राहिली. ती नवऱ्याला हाक मारायला वळली, तो दारातच उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याला कळलं. तो पुढे झाला नाही. पायांत चपला सरकवल्या आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे निघाला. गल्लीतला फोन तिथे होता.

शिंपी दुकान झाडत होता. याच्याकडे एकदा बघून त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि फोनवरचं फडकं काढून दिलं.

"ताई, आई गेली."

मग ताई एवढंच म्हणाली, "मला दाखवल्याशिवाय नेऊ नका रे."

"नाही नेत."

"बाबांच्या वेळी असंच म्हणाला होतात सगळे."

"तेव्हा काका बघत होते सगळं. आता मी आहे ना. तू नीघ. तू येईपर्यंत आईला कुठे नेत नाही."

बाबा गेले ते पावसात. पुलावरून पाणी होतं, ताईची गाडी पुलापलीकडेच थांबली, आणि ती घरी पोचली तेव्हा सगळं उरकून लोक आपापल्या घरी आंघोळीला गेले होते. त्यावर ताई कधी फार बोलली नाही. पण पुढे दर उन्हाळ्यात माहेरी आली की पहिल्या संध्याकाळी बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन जरा वेळ उभी राहायची, आणि तेवढा वेळ लादीमास्तर काहीतरी काम काढून परसात जायचा.

शिंप्याने फोनवर फडकं टाकलं. "बरोबर सांगितलंस," तो म्हणाला. "अख्ख्या गावाची माणसं तू राखलीस. तुझ्या आईला काय कमी पडणार?"

लादीमास्तरने मान हलवली. आणि दुकानाची पायरी उतरता उतरता त्याला आठवलं, की लाद्या राखून ठेवायची भुशाची खोली काल दुपारी त्याने स्वतःच्या हाताने रिकामी केली आहे.

लादीमास्तर हे नाव गावाने ठेवलेलं. शाळेत तो कधी कोणाला शिकवायला उभा राहिला नव्हता. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणाऱ्यांतला तो. पण कारखान्यात प्रत्येक लादी बाहेर निघाली की हा तिच्याभोवती फिरायचा, उजेडात धरून आत ढग आहे का बघायचा, कडेला टिचकी मारायचा. हमाल वैतागायचे. "मास्तर, पास करा की आता तिला, वरच्या वर्गात घाला," असं कोणीतरी एकदा म्हणालं, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

गावाला सांगण्यासारखा इतिहास फारसा नव्हता. तिथे कधी लढाई झाली नाही की कोणी मोठा माणूस जन्मला नाही. रेल्वे आली आणि तिच्या पाठोपाठ बर्फाचा कारखाना आला, एवढाच काय तो इतिहास. त्याआधी बर्फ दूरच्या शहरातून भुशात गुंडाळून गाडीने यायचा आणि आपल्या स्टेशनात उतरेपर्यंत निम्मा व्हायचा. निम्मा बर्फ आणि पुरती हमाली, हे म्हाताऱ्या शेठना बघवेना. त्यांनी रुळांच्या पलीकडे मोठी विहीर होती तिच्या काठाला कारखाना काढला. पहिली लादी निघाली त्या दिवशी गाव बघायला लोटलं होतं. एका म्हातारीने बोट लावलं आणि "भाजलं गं बाई!" म्हणून किंकाळी फोडली. ही गोष्ट गावात अजून सांगतात, आणि ती म्हातारी आपल्याच घरातली होती असं प्रत्येक घर म्हणतं.

त्या पहिल्या यंत्राला हात लावणाऱ्यांत लादीमास्तरचे बाबा होते. बाबांच्या मागे हा गेला. काम तसं सोपं दिसणारं. जमिनीत एक मोठा हौद, त्यात मिठाचं पाणी. मीठ असल्यामुळे ते पाणी कितीही गार केलं तरी गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्याचे उंच पत्र्याचे डबे उभे सोडायचे आणि वर लाकडी झाकणं घालायची. डब्यातलं पाणी कडेकडून गोठत आत येतं, सगळ्यात शेवटी मधला गाभा. घाई करायची नाही, एवढंच शिकायचं असतं. गाभा भरायच्या आत डबा काढला तर लादी दिसायला लादीच, पण पोटात पाणी. बाबा तिला 'पोकळ' म्हणायचे, एखाद्या माणसाला शिवी द्यावी तशा आवाजात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घर भरून जायचं. ताई आपली मुलं घेऊन यायची, काकांची मुलं यायची, कोणाचं कोण हे कधीकधी आईलाही सांगता यायचं नाही. दुपारी सगळी फौज कारखान्यात. भुशाच्या खोलीत अनवाणी उभं राहून कोण जास्त वेळ टिकतो याच्या पैजा लागायच्या, आणि संध्याकाळी सगळे लंगडत घरी. "आता सर्दी झाली की मामालाच नाक पुसायला सांगा!" असं आई दारातून ओरडायची. लादीमास्तर येताना लादीचा फुटका कोपरा गोणपाटात बांधून आणायचा. आई तो बत्त्याने फोडायची. त्यातला मोठा खडा ताई उचलायची, आणि आई खाली वाकली की हळूच तिच्या मानेवर ठेवायची. आई किंचाळायची, "अगं मेले, माझ्या नातवंडांची आई झालीस की तू!" आणि मग दोघी हसत बसायच्या. दर वर्षी हेच. आईला माहीत असायचं, तरी ती वाकायची.

कारखान्याची एक पद्धत होती, म्हाताऱ्या शेठनी घालून दिलेली. ज्या घरात माणूस गेलं असेल त्या घरची लादी आधी. रांगेत मासळीवाला असो, लग्नघर असो नाहीतर खुद्द शेठचे व्याही असोत. उन्हाळ्यात माणूस गेलं तर दूरच्या लेकरांसाठी थांबायचं कशाच्या जोरावर? हल्ली काचेची गार पेटी मिळते म्हणतात; तेव्हा गावाला बर्फ होता आणि लादीमास्तर होता. तो स्वतः हातगाडीबरोबर जायचा. खाली भुसा, त्यावर गोणपाट, दोन्ही बाजूंना लाद्या, पाणी वाहून जायला खाटेखाली उतार. सांत्वन त्याला जमायचं नाही. सगळं लावून झालं की हात पुसत तो घरच्यांना सांगायचा, "उद्या सकाळपर्यंत काळजी नको." घरच्यांना तेवढंच हवं असायचं.

पुढे गावात फ्रीज आले. म्हातारे शेठ गेले, धाकटे शेठ आले. दोनातलं एक यंत्र त्यांनी विकून टाकलं, आणि उरलेल्या यंत्राकडे ते असे बघायचे जसं कोणी न जाणाऱ्या पाहुण्याकडे बघतं. त्यात त्या वर्षी दुपारची वीज जायला लागली. वीज गेली की यंत्र थांबायचं, हौद तापायचा, आणि अर्धी जमलेली लादी पुन्हा मागे जायची. म्हणून लादीमास्तर चार चांगल्या लाद्या भुशात राखून ठेवायचा. मागेपुढे लागतात म्हणून.

त्या चार लाद्या काल बेकरीवाल्याच्या घरी गेल्या होत्या. बेकरीवाल्याचे वडील गेले, आणि धाकटा भाऊ समुद्रापलीकडून निघाला होता.

लादीमास्तर कारखान्यात पोचला तेव्हा यंत्राचा मिस्त्री तेलाचं डबडं घेऊन बसला होता.

"मास्तर, आज लवकर?"

"मिस्त्री, डबे कुठवर आलेत?"

"कडेला तीन-चार बोटं धरलंय. आत पाणी. उद्या संध्याकाळी बघू."

"आज हवंय."

"आज कसं होईल? तुम्हीच तर..." मिस्त्री हसत हसत वर बघायला लागला आणि थांबला. "कोणाकडे?"

"माझ्याकडे. आई."

मिस्त्रीने डबडं खाली ठेवलं. "मग काल चारही कशाला दिल्या हो?" तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःचीच जीभ चावली. "म्हणजे, द्यायलाच हव्या होत्या. नाही असं नाही."

लादीमास्तरने एक झाकण उचललं. डब्यात काचेसारखी कड आणि मधे काळसर पाणी हलत होतं. त्याने झाकण ठेवलं, दुसरं उचललं. तिथेही तेच. पाचव्या-सहाव्या झाकणानंतर त्याने बघायचं सोडलं आणि बेकरीची वाट धरली.

एकच मागायची, असं तो रस्ताभर मनात घोळवत होता. चारातली एक. त्यांच्याकडे तीन पुरतील. त्यांची खोली उत्तरेची आहे, गार आहे. भाऊ आज दुपारी पोचतोय. एक लादी. वाक्य त्याने तयार केलं, मग ते फार सरळ वाटलं म्हणून बदललं, मग बदललेलं फार लांब वाटलं म्हणून पुन्हा पहिलं धरलं.

बेकरीची भट्टी बंद होती. मागच्या खोलीत लोक भिंतीला टेकून बसले होते. लाद्या त्याने लावल्या होत्या तशाच होत्या, कडा जेमतेम गोल झालेल्या. चांगल्या लाद्या होत्या त्या. आत एक ढग नव्हता.

"मास्तर, इतक्या सकाळी आलात?" बेकरीवाला उठून पुढे आला. "बदलायच्या का लाद्या?"

"नाही. नाही, चांगल्या आहेत. बघायला आलो. पाणी साचलंय का ते."

"बसा ना."

तो बसला. त्याच्या शेजारी बेकरीवाल्याची म्हातारी आई होती. तिला नीट दिसत नव्हतं. तिने चाचपडत त्याचा हात धरला.

"बर्फवाला ना तू?"

"हो, आजी."

"हात गार आहे, त्यावरून ओळखलं. माझा धाकटा येतोय बघ. बापाशी भांडून गेला होता. तुझ्यामुळे तोंड तरी बघेल." तिने त्याचा हात थोपटला. "घरी गेलास की तुझ्या आईला सांग, म्हणावं पोराला चांगलं वळण लावलंस."

वाक्य त्याच्या तोंडात होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"सांगतो," तो म्हणाला. आणि खाटेखाली वाकून, नसलेलं पाणी बघून, उठून बाहेर आला.

मग कारखान्यात परत येऊन, आयुष्यभर ज्याच्यासाठी त्याने हमालांना बोल लावले, तेच त्याने स्वतः केलं. साखळीची कप्पी ओढली आणि कच्चा डबा वर काढला. मिस्त्रीने कोमट पाण्याच्या टाकीवरची फळी बाजूला केली. डबा बुडवून आडवा केल्यावर लादी सुटली, घसरत बाहेर आली, आणि फरशीवर येताच तिचा तळ फुटला. पोटातलं पाणी भळकन लादीमास्तरच्या पायांवर आलं. दुसरी उभी चिरली. तिसरी टिकली. चौथी टिकल्यासारखी वाटली. टिकलेल्यांच्या पोटातलं पाणी ओतून टाकून त्याने आत फुटक्यांचे तुकडे ठासले, भुसा भरला, आणि गोणपाटात गुंडाळून गाडीवर चढवल्या. हातगाडी ओढणाऱ्याने एका लादीवर हात ठेवला आणि याच्याकडे बघितलं. वजनावरूनच त्याला कळलं होतं.

"चल," लादीमास्तर म्हणाला. "सावलीसावलीने घे."

घरी काका आले होते. बाबांचा धाकटा भाऊ. लहानपणीच पोरका झाला, भावजयीने वाढवलेला. तिच्या हातचं जेवून मोठा झालेला हा माणूस आता खाटेजवळ कमरेवर हात देऊन सगळ्यांना हुकूम सोडत होता. पडदे लावा. पंखा इकडे फिरवा. त्या बाईला आत येऊ द्या. मधूनच तोंड फिरवून डोळे पुसायचा आणि पुन्हा हुकूम. काकांनी कारखान्यात चार उन्हाळे काढले होते, पण फाटकावर. तरी बर्फाबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेलं चालायचं नाही.

लाद्या लावून होतात न होतात तोच गल्लीतल्या बायका यायला लागल्या, हातात फ्रीजमधले बर्फाचे ट्रे घेऊन. पहिली आली ती कोपऱ्यावरची बाई, गल्लीत पहिला फ्रीज घेणारी. "आता तुझ्या लादीवाचून माझं अडत नाही रे बाबा," असं तिने फ्रीज आल्या दिवशी भर रस्त्यात लादीमास्तरला ऐकवलं होतं. आज तिने तीन ट्रे आणले होते आणि ती मान वर करत नव्हती.

"एवढाच निघाला," ती म्हणाली. "पुन्हा लावून आलेय. तासा-दीड तासात अजून आणते."

"आणा," लादीमास्तर म्हणाला. त्या चौकोनी खड्यांचं काय होणार हे त्याला माहीत होतं. तरी त्याने ते एकेक करून फटीत बसवले. मग दुपारची वीज गेली. पंखा थांबला, आणि कोपऱ्यावरची बाई अर्धं गोठलेलं पाणी घेऊन आली, ते घराबाहेर झाडाच्या बुंध्याशी ओतून परत गेली.

तेवढ्यात शिंप्याने समोरून हाक मारली. ताईचा फोन होता.

"कुठवर आलीस?"

"जंक्शनला. गाडी उभी आहे." मागे स्टेशनाचा गलका होता, ती ओरडून बोलत होती. "पुढे रूळ तापून वाकलेत म्हणे. माणसं कामाला लावलीत."

"कधी सुटेल?"

"कोणी धड सांगत नाही. स्टेशनमास्तरला विचारलं तर तो म्हणतो, मलाही घरी जायचंय बाई. तिथे सगळं ठीक आहे ना?"

"आहे."

"बर्फ आहे ना रे?"

शिंपी कात्री हातात धरून कापडाकडे बघत होता, कापत मात्र नव्हता.

"आहे," लादीमास्तर म्हणाला.

"मग झालं. तिच्या केसांना कोणी हात लावू नका. मी आले की मी विंचरीन. वहिनीला सांग."

तो परत आला तेव्हा घरात एक वेगळाच वास होता, ओला, खारट. खाटेखाली पाण्याचा लोंढा चालला होता. बायको बादली धरून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर सांगू की नको असं होतं. काका हात झटकत उभे होते. त्यांच्या पायाशी मिठाची रिकामी गोणी.

"काका, हे मीठ..."

"मग! मीच आणवलं. वाण्याला दुकान उघडायला लावलं." सकाळपासून पहिल्यांदा काकांचा चेहरा जरा मोकळा झाला होता. "तुमच्या हौदात मीठ असतं म्हणून तर एवढा गारवा धरतो. खरं की नाही? घाईगडबडीत तुला सुचायचं नाही म्हटलं. हात लावून बघ, कसं चटका देतंय!"

चटका देत होतं, हे खरं होतं. मीठ पडलं की बर्फ आणखी गार होतो आणि गार होत होत वितळून जातो. हौदातल्या पाण्यात मीठ असतं ते बर्फाच्या बाहेर, डब्याच्या पलीकडे; बर्फाला त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही म्हणून तर डबे. हे सगळं त्याला सांगता आलं असतं. काकांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि डोळे लाल होते. "वहिनीला काही कमी पडायला नको," ते म्हणाले.

लादीमास्तर खाली बसला आणि तळहाताने लाद्यांवरचं मीठ पुसून काढायला लागला. काकांना वाटलं, तो ते नीट पसरतोय.

पोकळ लाद्यांच्या भिंती आतून आणि बाहेरून अशा दोन्हीकडून खाल्ल्या गेल्या. एक बसली. मग दुसरी खाटेवरून सरकून फरशीवर आली आणि तिचे चार तुकडे झाले. तो तुकडे गोळा करायचा, गोणपाटात बांधायचा, इकडून काढून तिकडे लावायचा. मिस्त्रीने दोन कच्चे डबे आणखी पाठवले. ते दारात पोचेपर्यंत डब्यात पाणीच होतं, कडेला एक पातळ पापुद्रा. फडकी पिळून त्याच्या हातांची सालं निघाली होती. त्याला ते कळत नव्हतं.

ऊन कलल्यावर डॉक्टर आले. पलीकडच्या गल्लीतले, घरचेच. त्यांनी खाटेजवळ जाऊन बघितलं आणि लादीमास्तरला परसात बोलावलं.

"मास्तर, तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही इतक्या घरांतून बघितलंय."

"ताई निघालीय."

"माहीत आहे."

"जरा वेळ थांबू."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्याने ओळखला. किती घरांच्या परसात, किती थोरल्या मुलांच्या खांद्यावर त्याने स्वतः असाच हात ठेवला होता, आणि खाली बघत म्हटलं होतं, की आता थांबू नका. त्यातल्या एकानेही कधी वाद घातला नव्हता. त्याला तेव्हा वाटायचं, समजूतदार आहेत.

जरा वेळ थांबले. मग आणखी जरा वेळ. बाहेर माणसं जमून सावली बदलेल तशी भिंतीकडेने सरकत होती. अंधार पडला की स्मशानातला माणूस फाटक लावून घेतो, हे कोणीतरी हळूच म्हणालं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला गप्प केलं. बायकोने येऊन विचारलं, "अहो, केस तसेच ठेवू?" आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

शेवटी काका आले. आता त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता. "मी सांगणार नाही," ते म्हणाले. "भावाच्या वेळी मी सांगितलं, त्याचं पोरीने इतकी वर्षं मनात ठेवलं. आता घरातला मोठा तू. तू म्हणशील तसं."

लादीमास्तर समोरच्या दुकानात गेला. शिंप्याने न विचारताच फोन त्याच्याकडे सरकवला. पण फोन करायचा कुठे? जंक्शनच्या गर्दीत कोणाला? तो फोनसमोर बसून राहिला. शिंप्याने मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. फोन वाजला नाही. एकदा वाजल्यासारखा वाटला, तर ती रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा होती.

तो घरी आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. इतक्या माणसांनी एका वेळी आपल्याकडे बघावं असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

"उचला," तो म्हणाला.

ताई आली ती दिवे लागताना. स्टेशनवरून येणाऱ्या रिक्षाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तसा शिंपी दुकानातून उठून आत निघून गेला. लोक परतून थोडाच वेळ झाला होता. दार उघडं होतं. पिशवी हातात तशीच धरून ताई उंबऱ्यात उभी राहिली. खोली धुतल्यासारखी ओली होती, कुंपणावर गोणपाटं वाळत घातलेली होती, आणि खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

तिने खाटेकडे बघितलं. मग भावाकडे.

बोलले ते काकाच. त्यांना गप्प बसवेना. "अगं, आम्ही काय कमी केलं का? पण बर्फ होता कुठे? काल सगळाच्या सगळा बेकरीवाल्याच्या घरी देऊन बसला होता हा."

"बेकरीवाल्याच्या?" ताईने भावाला विचारलं.

"त्यांचे वडील गेले. काल."

"मला तू बर्फ आहे म्हणालास."

त्याने भिंतीला उभी केलेली खाट उगाच सरळ केली.

"त्यांचा तो धाकटा यायचा होता ना? बापाशी भांडून गेलेला?"

"हो."

"पोचला?"

"पोचला. दुपारी."

"बरं झालं," ताई म्हणाली. ती हे कशी म्हणाली, रागाने म्हणाली की खरंच म्हणाली, ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे कितीदा आठवून बघितलं तरी कळलं नाही.

बायकोने ताईच्या हातातली पिशवी घेतली, पाणी आणून दिलं. ताईने पाण्याला तोंड लावलं नाही. भिंतीला टेकून ती खाली ओल्या फरशीवरच बसली. जरा वेळाने म्हणाली, "चेहरा कसा होता रे तिचा?"

लादीमास्तरने तोंड उघडलं. सकाळपासून तो त्या खाटेजवळून हलला नव्हता, हलला तो बर्फासाठी नाहीतर फोनसाठीच. लादीचा कुठला कोपरा कधी बसला, पाणी कुठल्या पायाकडून गळायला लागलं, कुठलं गोणपाट किती वेळा पिळलं, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं होतं. ताई आल्यावर तिच्याबरोबर बघू, असं काहीसं मनात असावं.

"शांत होता हो, वन्सं," बायको मधेच पुढे होऊन म्हणाली. "झोपल्यासारख्या दिसत होत्या. मी केस..."

"वहिनी, थांब जरा," ताई म्हणाली. "मी त्याला विचारतेय."

मग तो तिच्यासमोर बसला आणि सांगायला लागला. सकाळी डबे बघितले ते सांगितलं. पहिल्या लादीचा तळ कसा गेला, दुसरी कशी चिरली, सावलीसावलीने गाडी कशी आणली. फटीत खडे कसे बसवले, आधी पायाकडची लादी कशी बसली, मग उशाकडची. मिठाचं मात्र त्याने सांगितलं नाही. काका तिथेच बसले होते. ताई त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. तो उशापर्यंत आला की थांबायचा, आणि पुन्हा पायाकडच्या लादीपासून सुरू करायचा.